शुगर लँडचे हेर्तुग

सरनोबतकाका कुणाकडेही जेवायला दोनदा येतात. एकदा आदल्या दिवशी, रस्ता बघायला, आणि एकदा खरोखर जेवायला.

आमच्याकडे ते पहिल्यांदा आले ते असेच. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला ओळख झाली, एकटेच राहतात असं कळलं, म्हणून मी त्यांना शनिवारी सात वाजता जेवायला बोलावलं. शुक्रवारी सात वाजता खिडकीतून पाहते तर घरासमोर एक जुनी राखाडी गाडी उभी, इंडिकेटर लुकलुकतायत. गाडीतून एक उंच, किंचित वाकलेला माणूस उतरला. आमच्या मेलबॉक्सपाशी येऊन त्याने त्यावरचा नंबर बोट फिरवून वाचला, घड्याळ पाहिलं, मेलबॉक्सवर दोनदा थोपटलं आणि गाडीत बसून निघून गेला. चष्मा नव्हता म्हणून मी चेहरा ओळखला नाही. सगळी दारं लावून घेतली आणि अमोलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फोन करून ऑफिसातून लवकर बोलावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सातला बेल वाजली. दारात तोच माणूस, हातात श्रीखंडाचा डबा.

"काल बघून गेलो," काका म्हणाले. "तुमच्या लेफ्ट टर्नला सिग्नल नाही. तेवढं सोडलं तर रस्ता बरा आहे."

या माणसाला कशाची भीती वाटत नाही हे सांगणं जास्त सोपं आहे. फ्रीवेची वाटते, म्हणून ते आमच्या शुगर लँडहून ह्यूस्टनला जायला आतल्या रस्त्यांनी सव्वा तास घेतात. आमच्या मागच्या खाडीत मगर असेल अशी वाटते, आणि टेक्सासमध्ये ती नसेलच असं कोण सांगणार, म्हणून ते फिरायला जातात ते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने. लिफ्टची, गॅसच्या वासाची, परक्या कुत्र्यांची, ओळखीच्या कुत्र्यांची. ताकही फुंकून पितात असं आपण म्हणतो. काका ताक फुंकतात, झाकून ठेवतात, आणि दुसऱ्या कुणीतरी प्यायल्यावर अर्धा तास थांबून पितात. मंडळात त्यांच्या गोष्टींवर हसून हसून लोकांची पुरेवाट होते. मीही हसत असे. खरं सांगायचं तर मी स्वतः अतिशय भित्री बाई आहे, आणि आपल्याहून भित्रं माणूस शेजारात असण्यासारखं सुख नाही.

एकदा मी त्यांना म्हटलं, "काका, भित्यापाठी ब्रह्मराक्षस."

"ब्रह्मराक्षस असतोच, मुग्धा," ते शांतपणे म्हणाले. "भित्याला तो आधी दिसतो, एवढंच."

'बघून येतो' हे त्यांचं पालुपद. पार्किंग आहे का, बघून येतो. पाऊस थांबला का, बघून येतो. पिकनिकला आम्ही गाड्यांतून डबे काढत असतो तोवर काका झाडाखालची जागा, मुंग्यांची वारुळं आणि बाथरूमची अवस्था बघून आलेले असतात. लग्नही याच पायी राहिलं म्हणतात. तरुणपणी मिरजेची एक मुलगी पसंत पडली होती. ते तिला एकदा बघून आले, नक्की करायला दुसऱ्यांदा बघून आले, आणि तिसऱ्यांदा बघायला गेले तेव्हा तिच्या दारात मांडव होता. ही गोष्ट ते स्वतःच सांगतात. सांगून झाल्यावर "याव्वेल" म्हणतात. हा नॉर्वेजियन उद्गार. आपल्या 'असो'सारखा.

नॉर्वेचं असं की काका तेलाच्या विहिरींवरचे इंजिनियर. अमेरिकेत येण्याआधी कंपनीने त्यांना काही वर्षं स्टावांगरला धाडलं होतं. तिथून हेलिकॉप्टरने भर समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर जायचं. विमानात डोळे मिटून बसणाऱ्या माणसाने हे कसं केलं देव जाणे. "प्रत्येक वेळी वाटायचं, आज नक्की," एवढंच ते सांगतात.

तर तिथे त्यांची खोली ज्या गल्लीत होती तिच्या नावात 'हेर्तुग' असा शब्द होता. घरमालकिणीला विचारलं तर ती म्हणाली, हेर्तुग म्हणजे ड्यूक, राजाच्या खालोखालचा मानकरी. काकांनी विचारलं, पण त्याचं काम काय असतं? ती म्हणाली, ते मला ठाऊक नाही, मी कधी झाले नाही. काका लायब्ररीत गेले, आणि तिथून जे शब्दात शिरले ते अजून बाहेर आलेले नाहीत.

मला त्यांनी इतक्यांदा सांगितलंय की मी झोपेतही म्हणू शकेन. 'हेर' म्हणजे सैन्य. पुढचा तुकडा जुन्या भाषेत 'तोगी', त्याच्या मुळाशी ओढणं, नेणं. म्हणजे सैन्याला पुढे घेऊन जाणारा. किल्ल्यात बसून सारा गोळा करणारा नाही. स्वतः आघाडीला चालणारा. इथपर्यंत सगळे एकमताचे. भांडण पुढे आहे. हा शब्द उत्तरेकडच्या लोकांचा स्वतःचा, की दक्षिणेच्या जर्मनांकडून आलेला? आणि जर्मनांनी तरी तो आपल्या डोक्याने केला, की ग्रीकांच्या सेनापती या अर्थाच्या शब्दाचं नुसतं भाषांतर केलं? या प्रश्नावर काकांकडे बुटांच्या खोक्यांत भरलेली कार्डं आहेत. तिकडच्या प्राध्यापकांना ते पत्रं लिहितात. एका प्राध्यापकांनी अतिशय सभ्य उत्तर पाठवलं की दोन्ही शक्य आहे. ते पत्र काकांनी लॅमिनेट करून घेतलं.

मंडळात एकदा कुणीतरी म्हणालं, "हेर म्हणजे आपला गुप्तहेरातला हेरच की, काका! शब्द आपल्याकडूनच गेला असणार!" टाळ्या पडल्या. काकांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "योगायोग आहे तो! उच्चार सारखा म्हणून नातं लावायला ही काय सोयरीक आहे?" मग दोन आठवडे त्या गृहस्थांशी बोलले नाहीत. तसं पाहिलं तर सरनोबत हाही एके काळचा सेनापतीचाच किताब. पण त्याचं काकांना काही नाही. "आमच्या घराण्यात सरनोबती कधी होती कोणास ठाऊक. वडील इस्लामपूरला पोस्टात होते," म्हणतात.

"पण काका, तुम्हाला काय वाटतं? शब्द कुणाचा?" मी एकदा कंटाळून विचारलं.

"शब्द कुठूनही येऊ दे गं. माणूस आधीपासून असणार. प्रत्येक गावात एक जण असतो ज्याला पुढे जाऊन बघावं लागतं."

मी हसले आणि आमटीला फोडणी द्यायला गेले.

मागच्या उन्हाळ्यात मात्र हसू आटलं. माझी आई जानेवारीत कराडहून आली होती. वसंतात तिला न्यूमोनिया झाला. त्यातून बरी झाली, पण डॉक्टरांनी काही महिन्यांसाठी ऑक्सिजनचं मशीन दिलं. विजेवर चालणारं, रात्रंदिवस घुरघुरणारं, घरभर लांब नळी. नळी नाकाशी नसली की अर्ध्या तासात तिचे ओठ निळसर व्हायचे. मी ते एकदाच पाहिलं. त्यानंतर मी रोज झोपेतून उठून मशीनची घुरघुर ऐकून परत झोपायची.

आणि जुलैत गल्फमध्ये वादळ तयार झालं.

पहिल्याच दिवशी काका हजर. आईला नमस्कार केला, मशीनभोवती एक फेरी मारली.

"लाईट गेली तर?"

"नाही जात काका. आपल्याकडे वायरी जमिनीखालून आहेत."

"पण गेली तर?"

"बॅकअप सिलिंडर आहे."

"किती तास?"

"सात. आठ."

त्यांनी खिशातून कार्ड काढून लिहून घेतलं. "माझ्याकडे जनरेटर आहे. गॅसवरचा, अख्ख्या घराला पुरतो. आजच चला."

मला राग आला. राग त्यांचा नव्हता. जे मी चार महिने स्वतःलाही सांगत नव्हते ते या माणसाने माझ्या आईसमोर, माझ्या मुलीसमोर, मोठ्याने विचारलं होतं. अमोल कामासाठी डेन्व्हरला गेलेला. मी म्हटलं, "काका, प्लीज. तुम्ही सगळ्यांना पॅनिक करता. आम्ही मॅनेज करू."

"याव्वेल," ते म्हणाले आणि उठले. त्या संध्याकाळी ईशा म्हणाली, "मॉम, सरनोबत आजोबा इज वॉकिंग व्हेरी स्लोली डाउन अवर स्ट्रीट. ही इज लुकिंग ॲट द ड्रेन्स." मी पडदा ओढून घेतला.

वादळ पहाटे आलं. वारा, मग पाऊस, मग नुसता पाऊस. सकाळी आठला फ्रिज बंद पडल्याची शांतता आली आणि त्याच क्षणी मशीनने लांब शिट्टी मारली. मी धावत जाऊन नळी सिलिंडरला जोडली. चावी तिसऱ्या खेपेला बसली. आई म्हणाली, "अगं, मी आहे अजून. सावकाश."

दुपारी बारापर्यंत रस्ता दिसेनासा झाला. फुटपाथच्या कडा पाण्याखाली, त्यावर कचऱ्याचे डबे तरंगत चाललेले. सिलिंडर देणाऱ्यांना फोन लागला तर म्हणाले, रस्ते बंद आहेत, उद्या बघू. अँब्युलन्सच्या नंबरवर मला थांबायला सांगितलं, मग फोन तुटला, मग नेटवर्कच गेलं. डावीकडचे शेजारी डॅलसला गेलेले, उजवीकडचे ऑस्टिनला. तीन वाजता सिलिंडरचा काटा लालजवळ आला. तासभर, फार तर सव्वा तास. मी काट्याच्या काचेवर टिचकी मारली. ईशा आजीचा हात धरून बसली होती. मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. डोक्यात एकच, की मी पडदा ओढून घेतला.

"मॉम," ईशा खिडकीतून म्हणाली, "देअर इज अ लॉबस्टर ऑन अवर ड्राइव्हवे."

गुडघाभर पाण्यात काका उभे होते. डोक्यापासून पायापर्यंत नारिंगी रबरी सूट, समुद्रात हेलिकॉप्टर कोसळलंच तर तगून राहायला स्टावांगरच्या कंपनीने दिलेला. आत सरनोबतांचा चेहरा तेवढा दिसत होता, तोही पांढराफटक. हातात बर्फावर घसरायची एक काठी. एरवी मी खाली बसून हसले असते. दार उघडलं आणि मला रडू फुटलं.

"रडायला वेळ नाही," काका म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. बाहेर जुलैचा दमट उकाडा होता. "ताईंना मागच्या सीटवर बसव, मशीन डिकीत टाक. तुझी व्हॅन उंच आहे, चालेल. मी पुढे चालतो. काठी वर केली की थांबायचं. मी चाललो तिथूनच चालवायचं, हातभर इकडेतिकडे नाही."

"काका, तुम्ही गाडीत बसा ना. पाणी—"

"गाडीतून दिसत नाही," ते म्हणाले. मग हळूच, ईशाला ऐकू जाणार नाही असं, "मला पोहता येत नाही, मुग्धा. सूट तरंगतो. तिकडे नॉर्वेत मला टाकीत टाकून बघितलंय."

त्यांचं घर आमच्यापासून पाच गल्ल्या. गाडीने तीन मिनिटं. त्या दिवशी पस्तीस लागली. मी काचेतून त्या नारिंगी पाठीकडे बघत होते आणि मागे सिलिंडरचा फुसफुस आवाज ऐकत होते. काका काठी टाकायचे, पाय टाकायचे, परत काठी. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी पाण्यावर लाल मुंग्यांचा एक अख्खा तरंगता गोळा त्यांच्या दिशेने आला. ओळखीच्या कुत्र्याला घाबरणारा हा माणूस. त्याने काठीने तो गोळा दूर लोटला, काठीवर चढलेल्या मुंग्या पाण्यात झटकल्या आणि पाऊल टाकलं.

तिसऱ्या गल्लीत काठी आत गेली ती गेलीच. मुठीपर्यंत. काका झटक्याने मागे पडले, पाण्यात बसले, मी किंचाळले. गटाराचं झाकण पाण्याच्या जोराने उडालं होतं आणि भोक वरून दिसत नव्हतं. काका उठले. काठी वर केली. मग त्या भोकाच्या कडेला, पाणी आत ओढलं जात होतं तिथेच, पाय रोवून उभे राहिले आणि हाताने मला खुणावलं, माझ्या डावीकडून जा. मी त्यांच्या अंगाला जवळजवळ आरसा घासत गाडी काढली. काचेतून पाहिलं तर त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि ओठ हलत होते. आम्ही सुटलो तशी ते पाण्यातून धडपडत परत पुढे आले.

त्यांच्या गल्लीला चढ आहे हे मला त्या दिवशी कळलं. गॅरेजचं दार वर गेलं, आतून पिवळा उजेड आला आणि मागच्या अंगणातून जनरेटरची धडधड. मशीनची ती गोड घुरघुर मी पुन्हा ऐकली तेव्हा काट्याखाली लाल पट्टी निम्मी सरली होती. आईच्या बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा हळूहळू चढला. एकोणनव्वद. एक्क्याण्णव. त्र्याण्णव. माझ्या जिवात जीव आला.

काका गॅरेजच्या पायरीवर बसले होते. त्यांना सूटची चेन ओढता येईना. ईशाने ती ओढली.

"वेअर यू स्केअर्ड?" तिने विचारलं.

"फार," काका म्हणाले. "तू?"

"फार," ईशा मराठीत म्हणाली आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसली.

आता एक सांगायला हवं. काकांच्या घरात तोवर कुणी गेलेलं नव्हतं. चार बेडरूमचं दुमजली घर आणि एकटा माणूस, त्यावर मंडळात बोलणं व्हायचं. इन्व्हेस्टमेंट असेल, चिक्कूपणा असेल, आत पसारा असेल. आत पसारा नव्हता. खाली काकांची खोली, एक पलंग आणि बुटांची खोकी. वर तीन खोल्या. एकीत डबल बेड, भिंतीला टेकून लाकडी देव्हारा, रिकामा. दुसऱ्या दोन्हींत लहान मुलांचे पलंग, एकाच्या गादीवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही. अभ्यासाची टेबलं, माझ्या मांडीला लागतील एवढी बुटकी. खिडकीला विमानांचे पडदे, उन्हाने विटलेले. सगळं पुसलेलं, झाडलेलं. चादरी धुतलेल्या.

मी काही विचारलं नाही. पण आई कराडची. दुसऱ्या दिवशी जेवताना तिने सरळ विचारलं, "अहो सरनोबत, एवढ्या खोल्या कुणासाठी सजवल्यात?"

काकांनी घास खाली ठेवला.

"धाकट्या भावासाठी," ते म्हणाले. "वडील लवकर गेले. घरात मी थोरला. कुठेही जायचं तर आई म्हणायची, आधी तू बघून ये, मग ह्याला ने. शाळा, हॉस्टेल, पुण्यातली नोकरी, सगळं मी आधी बघितलं. इथे आलो तेव्हा त्याला म्हटलं, मी पुढे होतो, तू मागून ये. सिटिझन झालो त्याच महिन्यात त्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज भरला. मुलं तेव्हा सहा आणि आठ वर्षांची. शाळा बघून हे घर घेतलं. त्यांना पाण्याची भीती वाटू नये म्हणून उंचावरचं. वादळात अंधार नको म्हणून जनरेटर."

"मग?"

"भावाच्या अर्जाचा नंबर लागायला इतकी वर्षं जातात, ताई, की नंबर लागला तेव्हा मुलं एकविसाच्या पुढे गेली होती. एकवीस झाली की ती अर्जातून गळतात. नवरा-बायको येऊ शकत होते, मुलं नाही. त्याने लिहिलं, दादा, आता नको. बरोबरच लिहिलं. त्यांना तिकडे टाकून कोण येईल?"

वर ईशा त्या बुटक्या टेबलाशी बसून काहीतरी चित्र काढत होती. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला तसे काका वर बघायला लागले.

"तो शब्द आहे ना, माझा," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "सगळे पंडित त्यातल्या पुढे चालण्यावर भांडतात. सैन्यावर कुणी बोलत नाही. मागे कुणी असेल तरच तो हेर्तुग. नाहीतर रस्त्यात एकटा पुढे निघालेला एक माणूस."

आईने त्यांच्या पानात भात वाढला. मला त्यांच्याकडे बघवेना. आमच्या मेलबॉक्सवर, पिकनिकच्या झाडांवर, फ्रीवेच्या गोष्टींवर मी किती हसले होते ते सगळं आठवत होतं, आणि मला स्वतःची लाज वाटली.

पाणी ओसरायला दोन दिवस लागले. फोन सुरू झाले, पण लाईटचा पत्ता नव्हता. रोज सकाळी सातला काका काठी घेऊन आमच्या घराकडे चालत जायचे आणि आठला परत. "अजून नाही. कोपऱ्यावरचा ओक आडवा आहे." "अजून नाही. ट्रक आलेत, माणसं शिडीवर आहेत." त्यांचा रिपोर्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, एक शब्द कमी नाही, जास्त नाही. परत येऊन ते चहा टाकायचे, आईला चिमट्यावरचा आकडा विचारायचे, आणि ईशाला उठवायला जिन्यातून हाक मारायचे. हाक मारताना आवाज उगीचच मोठा असायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी फ्रीजरमधून पुरणपोळ्या काढल्या. कुठल्या गणपतीपासून ठेवल्या होत्या विचारायचं धाडस मला झालं नाही. आधी ते स्वतः एक तुकडा खाऊन अर्धा तास थांबले, मगच आम्हाला वाढल्या.

चौथ्या दिवशी साडेसातला अमोलचा फोन आला. तो अजून डेन्व्हरलाच, विमानांची रांग लागलेली.

"अगं, लाईट आली आपल्याकडे! वायफाय पण आलं. डोअरबेल कॅमेऱ्याचं नोटिफिकेशन आलं आत्ता."

"हो? बरं झालं."

"आणि सरनोबत आपल्या पोर्चमध्ये काय करतायत? पोर्चचा दिवा लागलाय, त्याच्याखाली उभे आहेत. दहा मिनिटं झाली. नुसते दिव्याकडे बघतायत. आर यू शुअर ही इज ओके?"

"ठीक आहेत. मी बघते," मी म्हटलं.

आठला काका आले. बूट दारात बराच वेळ पुसले. आई डायनिंग टेबलाशी मटार सोलत होती, ईशा पायजम्यातच तिच्या शेजारी. मी ओट्याशी.

"काय हो, आली का?" आईने विचारलं.

काकांनी काठी भिंतीला टेकवली. ती घसरून पडली. ती उचलून त्यांनी पुन्हा टेकवली.

"नाही," ते म्हणाले. "अजून नाही आली."

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. या माणसाला मी शंभर वेळा घाबरलेलं पाहिलं आहे. गटाराच्या भोकाशी डोळे मिटून उभं असलेलं पाहिलं आहे. पण त्या सकाळी ते ज्याला घाबरले होते ती मी होते. माझा फोन ओट्यावर उताणा पडलेला होता आणि अमोलचे मेसेज एकामागून एक उजळत होते. काकांची नजर तिकडे गेली आणि तिथेच राहिली.

मी फोन पालथा घातला.

"मग काय, राहावंच लागणार आम्हाला," मी म्हटलं. "तांदूळ कुठल्या डब्यात आहेत, काका? रात्रीचे पण आत्ताच भिजवते."